रिकामा ऑर्केस्ट्रा : गॅदरिंगच्या पेटीपासून लॅपटॉपपर्यंत

(एक माजी विद्यार्थी, दहावी १९८३ची तुकडी)

आपल्या शाळेची इमारत कशी उभी राहिली, कोणत्या सरांनी किती पिढ्या घडवल्या, यावर या स्मरणिकेत माझ्याहून अधिकारी मंडळी लिहिणार आहेत. संपादक मंडळाने माझ्याकडे मागणी केली ती वेगळी. "तू इतकी वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंस, तर त्यावर लिही." दिवसा बँक आणि शनिवार-रविवारी रात्री की-बोर्ड, असा माझा तीसेक वर्षांचा संसार झाला हे खरं. दौऱ्यांचे किस्से आपण भेटल्यावर बोलूच. इथे मी एका बदलाचा इतिहास मांडणार आहे, कारण तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला आणि तरीही तो कधी घडला हे आपल्याला नेमकं सांगता येत नाही.

हल्ली कोणत्याही वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला जा. रंगमंचावर चार-पाच वादक दिसतात, ऐकू मात्र वीस येतात. व्हायोलिनचा ताफा आहे, बासरी आहे, सतार आहे, ट्रम्पेट आहे. उरलेले पंधरा जण कुठे बसलेत? ते एका लॅपटॉपमध्ये किंवा चक्क कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. ते तिथे कसे जाऊन बसले, त्याची ही हकीकत.

आधी सगळी माणसंच होती

आपल्या मराठी रंगभूमीने संगीत नाटकाच्या काळात वादकांना प्रेक्षकांच्या नजरेसमोर बसवलं होतं. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात ऑर्गन, तबला, सारंगी किंवा व्हायोलिन घेऊन साथीदार बसत. नटाने पद सुरू केलं की साथ त्याच्यामागे चाले. त्याने एखादी जागा लांबवली तर ऑर्गनवाला थांबे. प्रेक्षकांतून 'वन्समोर' आला तर पद पुन्हा सुरू होई, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्यासारखंच होईल असं कोणीही मानत नसे. साथ म्हणजे ऐकणं, हा त्या काळचा साधा नियम होता.

बोलपट आला तेव्हाही सुरुवातीला हेच होतं. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये, म्हणजे १९३२ साली, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपापली पदं चित्रीकरणाच्या वेळीच गायली. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवत. १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' या चित्रपटांत गाणं आधी ध्वनिमुद्रित केलं आणि नटांनी नंतर त्यावर ओठ हलवले. पार्श्वगायन सुरू झालं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे. गाणं आणि गाणारा यांची पहिल्यांदा फारकत झाली आणि आपण प्रेक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली.

पार्श्वगायनामुळे मुंबईच्या स्टुडिओंत मोठमोठे वाद्यवृंद उभे राहिले. त्यात गोव्याहून आलेल्या वादकांचा वाटा फार मोठा होता. स्टाफ नोटेशन वाचता येणारी ही मंडळी व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट घेऊन बसत. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना तो भरगच्च नाद दिला. त्या गाण्यांची मागणी गावोगावी होती. ती पुरवायला ऑर्केस्ट्रे निघाले. मुंबईत कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला यांचा, पुण्यात 'मेलडी मेकर्स', आणि मग प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादा तरी. स्टुडिओत पन्नास वादक असत, तर रंगमंचावर पंधरा. पण ते पंधराही घाम गाळत असत.

आपल्या शाळेच्या गॅदरिंगची पायरी त्याही खालची होती. संगीताच्या सरांची पेटी, वरच्या वर्गातला एखादा तबलजी आणि खंजिरी, एवढ्यावर समूहगीतं होत. मुलींचे नाच मात्र 'रेकॉर्ड डान्स' असत. माइकवाला त्याची चकती आणायचा, सुई ठेवायचा, आणि सुई अडकली की विंगेतून बाई हात वर करायच्या. नीट पाहिलं तर ट्रॅकवर कार्यक्रम करणं आपण सगळे शाळेतच शिकलो. नाचाला ट्रॅक आणि गाण्याला माणूस, अशी वाटणी तेव्हा ठरलेली होती, इतकंच.

फितीवरचा पहिला प्रयोग

पाश्चात्त्य देशांत ही वाटणी आपल्याआधी मोडली. अमेरिकेतला गिटारवादक लेस पॉल याने स्वतःच वाजवलेले अनेक थर एकावर एक मुद्रित करण्याचं तंत्र विकसित केलं. १९५०च्या दशकात तो रंगमंचावर गिटारला लावलेल्या एका छोट्या पेटीवरून पडद्यामागचं टेपरेकॉर्डर चालवी आणि एकट्याच्या वादनातून ताफ्याचा आवाज काढी. १९५० सालीच न्यूयॉर्कमध्ये 'म्युझिक मायनस वन' नावाची कंपनी निघाली. एक वाद्य मुद्दाम वगळून केलेल्या तबकड्या ती विकत असे, म्हणजे शिकणाऱ्याने घरी बसून ती रिकामी जागा भरावी. आपल्याकडे वादक आजही 'मायनस वन ट्रॅक' म्हणतात.

रॉक संगीतात या प्रयोगाचं ठळक उदाहरण 'द हू' या इंग्लिश बँडचं. १९७१ सालच्या त्यांच्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या सुरुवातीला ऑर्गनचे सूर यंत्रासारखे फिरत राहतात. या नावातले 'बाबा' आपल्या ओळखीचे आहेत. पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले मेहेरबाबा. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा त्यांचा अनुयायी. तो ऑर्गनचा भाग रंगमंचावर हातांनी वाजवणं शक्य नव्हतं, म्हणून तो फितीवरून वाजवला जाई. आणि ड्रम्सवर बसलेला कीथ मून, ज्याच्या मागे जग धावायचं, तो कानाला हेडफोन लावून त्या फितीमागे धावे.

या व्यवस्थेचं दुखणं लवकरच चव्हाट्यावर आलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूकॅसलच्या कार्यक्रमात फीत चुकीच्या वेळी सुरू झाली. बँड एका जागी, फीत दुसऱ्या जागी. टाउनशेंड इतका भडकला की त्याने ध्वनियोजनेची यंत्रणा उखडून टाकली आणि पडदा पाडावा लागला. काही वेळाने मंडळी परत आली तेव्हा त्यांनी जुनी गाणी वाजवली, ज्यांना फितीची गरज नव्हती. ज्याने ट्रॅकवर कधीही कार्यक्रम केला आहे, त्याला त्या माणसाचा राग आतून समजेल. चुकलेला तबलजी पुढच्या समेवर भेटतो, पण चुकलेली फीत भेटत नाही.

'करा' आणि 'ओके'

त्याच १९७१ साली जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक साथीदार होता. बारमध्ये येणाऱ्या हौशी गायकांना तो वाजवून साथ देई. सुरात नसलेल्या गिऱ्हाइकालाही सांभाळून घेण्यात त्याचा हातखंडा होता. एका कंपनीच्या मालकाला सहलीवर त्याची साथ हवी होती. जाणं जमत नव्हतं म्हणून इनोउएने त्याला साथ फितीवर भरून दिली. त्यातून त्याला पैसे टाकून चालवायच्या यंत्राची कल्पना सुचली आणि त्याने अशी अकरा यंत्रं बनवून बारना भाड्याने दिली. त्याच्याआधी १९६७ मध्ये तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनीही असं यंत्र केलं होतं, आणि दोघांपैकी कोणीही त्याचं पेटंट घेतलं नाही.

या यंत्राचं नाव 'काराओके'. जपानीत 'करा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचं आखूड रूप. रिकामा ऑर्केस्ट्रा. मला या कथेत नेहमी एक गोष्ट खुपते. हे यंत्र कोणा इंजिनिअरने नव्हे, साथ करणाऱ्या माणसाने बनवलं. आपल्याला जिथे जाता येत नाही तिथे आपली साथ तरी पोचावी, एवढाच त्यामागचा हेतू. पण एकदा साथ एकटी जायला लागली की साथीदाराला बोलावायचं कारण उरत नाही.

यंत्रांना एक भाषा मिळाली

१९८० साली दोन ताल-यंत्रं बाजारात आली. अमेरिकेत रॉजर लिनचं 'एलएम-१', ज्यात खऱ्या ड्रम्सचे आवाज मुद्रित करून ठेवले होते, आणि जपानच्या रोलँड कंपनीचं 'टीआर-८०८', जे आवाज विजेच्या मंडलांतून तयार करी. या ८०८ची मुंबईशी गाठ लवकर पडली. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे आणि लग्नसमारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, 'टीबी-३०३' हे बेसचं यंत्र आणि 'ज्युपिटर-८' सिंथेसायझर एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा ती कोणी फारशी घेतली नाही. पुढे २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या तरुणांनी ज्या ढंगाचं नृत्यसंगीत काही वर्षांनी काढलं तसंच मुंबईतल्या या गृहस्थाने आधी वाजवलं होतं, हे पाहून लोक चकित झाले.

तोवर अडचण ही होती की एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एक समान बोली ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. या बोलीचं नाव 'मिडी'. आपण दहावीला बसलो त्याच वर्षीची ही गोष्ट. तीस वर्षांनी, २०१३ साली, या दोघांना त्यासाठी ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिडी म्हणजे काय, हे तबल्याच्या बोलांवरून चांगलं कळतं. वहीत 'धा' लिहिलं म्हणून वही वाजत नाही. तो वादकाला दिलेला निरोप असतो. मिडीच्या तारेतूनही आवाज जात नाही, निरोप जातो: कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली. जोर ० ते १२७ या अंकांत मोजला जातो आणि एका तारेतून सोळा वाद्यांचे निरोप वेगवेगळे पाठवता येतात. निरोप असल्यामुळे तो साठवता येतो, दुरुस्त करता येतो, लय बदलून पाठवता येतो. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची तार थेट जोडता येई, आणि १९८९ मध्ये त्यासाठी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीचं 'क्यूबेस' आलं. वादकाची वही आता संगणकाच्या पडद्यावर आली.

आपल्या मांडवात

हे सगळं आपल्या मांडवात पोचलं ते दोन वाद्यांच्या रूपाने. पहिला की-बोर्ड. गावात त्याला कंपनी कोणतीही असो 'कॅसिओ'च म्हणायचे. दुसरा ऑक्टापॅड. रोलँडने १९८५ मध्ये काढलेलं हे आठ रबरी चौकोनांचं वाद्य. नाव कंपनीचं, पण आपल्याकडे ते सामान्यनाम झालं. एका स्टँडवर ढोलक, तुंबा, कोंगो, घुंगरू, टाळ्या, सगळं आलं. चार माणसांचं काम एक माणूस दोन काठ्यांनी करू लागला.

आमच्या ऑर्केस्ट्राचा हिशेब सांगतो, कारण तो बहुतेकांचा तसाच होता. मी १९८६ साली आलो तेव्हा आम्ही चौदा वादक होतो. दोन व्हायोलिन, ॲकॉर्डियन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बासरी, दोन गिटार, ड्रम्स, ढोलकी-ढोलक, तुंबा आणि साइड रिदमला दोघे, शिवाय मी. टेम्पो भरून निघायचा. सुपारी ठरली की पैशांची वाटणी चौदा जणांत. दहा-बारा वर्षांनी आम्ही सात झालो. व्हायोलिनचा ताफा माझ्या की-बोर्डमध्ये होता, ॲकॉर्डियनही माझ्याच की-बोर्डमध्ये. साइड रिदम ऑक्टापॅडमध्ये गेला. आयोजकाला खर्च कमी, टेम्पोऐवजी जीप पुरे. व्हायोलिनवाले शिकवण्या घेऊ लागले. ट्रम्पेटवाला लग्नाच्या बँडमध्ये गेला. ॲकॉर्डियन वाजवणाऱ्याने वाद्य विकलं नाही, पण वाजवणंही सोडलं. त्या काळी मला वाटे की काळ माझ्या बाजूचा आहे.

तो माझ्याही बाजूचा नव्हता. स्टुडिओत हाच बदल मोठ्या प्रमाणावर चालू होता. १९९२ साली ए. आर. रहमान यांच्या 'रोजा'ने संगणक आणि सिंथेसायझरवर बांधलेल्या संगीताची गोडी देशभर लावली. नवी गाणी रंगमंचावर 'जशीच्या तशी' हवी असतील तर ते आवाज हातांनी काढणंच अवघड झालं. मग गाण्याचा तयार ट्रॅक आणायचा आणि त्यावर गायकाने गायचं, हा सोपा मार्ग निघाला. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. आता चौदाची जागा घेणाऱ्या की-बोर्डवाल्याचीही गरज नव्हती. 'काराओके नाइट'मध्ये गायक आठ असतात आणि वादक एकही नसतो.

शास्त्रीय संगीतवाल्यांनीही यंत्र घेतलंच. बंगळूरूच्या राडेल कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने आणि तालाच्या पेटीने घरोघरच्या रियाजाची सोय केली, आणि आता तेही काम मोबाइलवरचं ॲप करतं. पण तिथे एक सीमा पाळली गेली. मैफलीत यंत्राचा तानपुरा चालून जातो, यंत्राचा तबला कोणी चालवून घेत नाही. कारण तानपुऱ्याने फक्त असायचं असतं, तबल्याने मात्र उत्तर द्यायचं असतं. मला वाटतं, या सगळ्या वादावरचं सर्वांत शहाणं उत्तर या रूढीत दडलेलं आहे.

फसवणूक कशाला म्हणायचं?

जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल इथे 'मिली व्हॅनिली' या जोडीचा कार्यक्रम चालू होता. ट्रॅक अडकला आणि गाण्याच्या मुखड्याचे तेच शब्द पुन्हा पुन्हा वाजू लागले. दोघांपैकी एक गायक घाबरून आत पळाला. पुढे उघड झालं की तबकडीवरचा आवाजही त्यांचा नव्हता, गाणारे वेगळेच होते. १९९० साली मिळालेला ग्रॅमी पुरस्कार त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये काढून घेण्यात आला.

आपल्याकडे याचं अनेकांना नवल वाटलं. पडद्यावर नायिका गात नाही हे आपल्याला १९३५पासून ठाऊक आहे आणि त्यात कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. कारण पडद्यामागच्या गायिकेचं नाव तबकडीवर छापलेलं असतं, आपण तिला वेगळा मान देतो. म्हणजे वाईट काय, तर दुसऱ्याने गायलेलं आपलं म्हणून दाखवणं. ट्रॅक वापरणं वाईट नाही. ट्रॅक लपवणं आणि ज्यांनी तो वाजवला त्यांचं नाव पुसणं, हे वाईट. आज मोबाइलवर मिळणाऱ्या ट्रॅकमधली बासरी कोणाची, सतार कोणाची, हे गाणाऱ्यालाही माहीत नसतं, ऐकणाऱ्यालाही नसतं. फसवणूक झाली असेल तर ती तिथे.

लॅपटॉप काय करतो?

२००१ साली बर्लिनच्या एबलटन कंपनीने 'लाइव्ह' नावाचं सॉफ्टवेअर आणलं. तोवरची सॉफ्टवेअर स्टुडिओसाठी होती, हे रंगमंचासाठी. फितीचा वेग वाढवला तर लयीबरोबर सूरही चढतो. सुमारे सहा टक्के वेग वाढला की गाणं काळी एकवरून पांढरी दोनवर जातं. जुन्या कॅसेट प्लेअरवर पेटी जुळत नसे ती याच कारणाने. नव्या सॉफ्टवेअरमध्ये लय आणि पट्टी वेगवेगळ्या बदलता येतात. गायकाचा घसा बसला असेल तर दोन पट्ट्या खाली या, लय तीच ठेवा. शिवाय गाण्याचे तुकडे वेगळे ठेवता येतात. मुखडा, पहिला पीस, अंतरा. लोक नाचायला लागले तर तोच तुकडा फिरवत ठेवता येतो. न्यूकॅसलच्या त्या फितीला जे जमत नव्हतं ते थोडंफार जमू लागलं.

बँडबरोबर ट्रॅक वाजवण्याची पद्धत आता ठरून गेली आहे. ट्रॅकच्या दोन वाहिन्यांपैकी एकीवर संगीत असतं, ते लोकांना ऐकू जातं. दुसरीवर 'क्लिक' असते, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक. ती फक्त ड्रम्स किंवा ऑक्टापॅडवाल्याच्या कानात जाते. तो क्लिक धरतो, बाकीचे त्याला धरतात. क्लिक ही काही नवी नाही, हॉलिवूडच्या चित्रपटसंगीतात ती १९३०च्या दशकापासून वापरतात. अडचण येते ती संगणकाच्या विलंबाची. संगणक आवाज छोट्या गठ्ठ्यांत हाताळतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तो भरायला सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे की-बोर्ड तुमच्या हातात, पण त्याचा आवाज चार मीटर लांब उभा राहून ऐकल्यासारखा. गठ्ठा १२८चा केला तर तेच अंतर एक मीटरवर येतं, पण संगणकावर ताण वाढतो आणि आवाज फाटू शकतो. ध्वनीवाल्या मुलांचं निम्मं कौशल्य हा तोल साधण्यात असतं.

आणखी एक टप्पा अलीकडचा. पूर्वी गाण्यातून आवाज वगळायला एक युक्ती होती. गायकाचा आवाज दोन्ही वाहिन्यांत सारखा असतो, म्हणून एकीतून दुसरी वजा करायची. त्यात आवाजाबरोबर बेस आणि ढोलकीही निघून जाई. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. ते यंत्रशिक्षणाने तयार गाण्यातून गायन, ड्रम्स, बेस वेगळे करून देतं. आता कोणत्याही जुन्या गाण्याचा ट्रॅक घरबसल्या बनतो. ज्या वादकांनी ते वाजवलं ते हयात नसले तरी त्यांचा हात आपल्या गाण्याला साथ करतो. हे मला विलक्षण वाटतं आणि थोडं अस्वस्थही करतं.

आपल्या संमेलनापुरतं

हा इतिहास आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्या समितीत याच विषयावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, सगळं ट्रॅकवर करा, तालमीला कोणाला वेळ आहे? दुसरा म्हणतो, ट्रॅकला हात लावायचा नाही, होईल तसं होऊ दे. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. तानपुरा आणि तबल्याचा नियम लावून पाहू. जिथे साथीने फक्त पाठीशी उभं राहायचं आहे तिथे यंत्र चालेल. जिथे उत्तर द्यायचं आहे तिथे माणूस हवा.

म्हणून माझी सूचना अशी. नाच ट्रॅकवरच होऊ देत, रेकॉर्ड डान्सची ती आपली जुनी परंपरा आहे. ज्या दोन-तीन गाण्यांत व्हायोलिनचा मोठा ताफा लागतो आणि आपल्याकडे तो नाही, तिथे फक्त तेवढा ताफा ट्रॅकवर घ्यावा. ढोलकी, बेस, गिटार, बासरी आपणच वाजवू. पण आपल्या सेवानिवृत्त सर आणि बाई जे गातील, त्यांच्यामागे ट्रॅक नको. ऐंशीच्या घरातल्या गळ्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो, एखादी ओळ विसरते, एखादा अंतरा आधी येतो. पेटीवाला थांबेल, तबलजी ठेका धरून राहील. ट्रॅक पुढे निघून जाईल आणि ज्यांनी आपल्याला सूर दिला ते भर सभेत मागे पडल्यासारखे दिसतील. ते आपण होऊ द्यायचं नाही. शाळेची प्रार्थना तर पेटीवरच व्हावी. आपण ती त्या पेटीवरच शिकलो.

दोन विनंत्या आहेत. लॅपटॉप चालवायला आपल्याच शाळेतली आत्ताची नववीची मुलं तयार आहेत. मोबाइलवर ताल बांधणारी ही पोरं हुशार आहेत. त्यांना विंगेत लपवू नका. तोही वादकच आहे, त्याची जागा रंगमंचावर असू दे आणि सूत्रसंचालकाने त्याचं नावही घ्यावं. दुसरी विनंती माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना. कोणाच्या माळ्यावर बुलबुल तरंग असेल, माउथ ऑर्गन असेल, कोणी कधीकाळी ॲकॉर्डियन वाजवत असेल, तर धूळ झटकून घेऊन या. हात अडखळले तरी चालतील. संमेलनाच्या आधीचे तीन रविवार, सकाळी नऊ वाजता, शाळेच्या सभागृहात तालीम आहे. खुर्च्या चौदा मांडणार आहोत.